मामा बसलेले होते

आमच्यात माणूस गेला की त्याला निजवून नेत नाहीत. अंघोळ घालतात, कपाळाला आणि दंडाला भस्म लावतात, मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात, गळ्यात हार घालतात. मग तसंच बसलेलं उचलून नेतात आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. लिंगायताच्या घरात जन्मूनही मला हे दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत ठाऊक नव्हतं. माझ्यादेखत घरातलं कुणी गेलंच नव्हतं. असं बसवलेलं पहिलं माणूस मी पाहिलं ते म्हणजे माझे मामा.

मामांची उमरग्याला खानावळ होती. सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या सडकेच्या कडेला, मोटार स्टँडच्या थोडं पुढं. पुढं पत्र्याखाली बाकडी, मागं चूल आणि मध्ये पोत्याचा जाड पडदा. चुलीच्या मागंच राहायचं घर. आमचं गाव लोहाऱ्याकडचं, तिथं शाळा चौथीपर्यंतच. म्हणून आईनं मला तिच्या भावाकडं ठेवलं. आमचा मुलुख हैदराबादेतून सुटून मुंबई राज्याला जोडला गेला होता, त्याच्या मागंपुढंची ही वर्षं. मोठी माणसं अजून सरकारी कामाला उर्दू शब्दच वापरायची आणि मामा गिऱ्हाइकाचं तोंड बघून भाषा बदलायचे. कानडी त्यांच्या आईची, मराठी बाजाराची, दखनी दोस्तांची आणि ट्रकवाल्यांकडून उचललेली थोडी तेलुगू, जी ऐकून तेलुगू ड्रायव्हरांना हसून हसून ठसका लागायचा.

भेटेल त्याला ते पहिलं विचारायचे, "ऊटा आत?" जेवण झालं का? गिऱ्हाइकाला तर विचारायचेच, पण पोस्टमनला, माझ्या मास्तरांना, दारातल्या कुत्र्यालासुद्धा. अंगानं आडवे, आवाजानं मोठे, डोक्याला नेहमी पांढरा रुमाल गुंडाळलेला. वाढताना आमटीचं भांडं डाव्या हातावर तोलून धरायचे आणि पंगतीतून असे फिरायचे की एवढा मोठा माणूस कुणाच्या ताटाला धोतर लागू द्यायचा नाही.

मामी पडद्याच्या पलीकडं. ती पुढं कधी यायची नाही. मामी भित्री आहे, हे सगळ्या स्टँडला माहीत होतं. ट्रकचा हॉर्न वाजला तरी तिच्या हातातली भाकरी थांबायची. बाहेर कुणाचा आवाज चढला की ती माझ्याकडं बघायची आणि डोळ्यांनीच विचारायची, काय झालं? मामांना ते न बघताच कळायचं. ते पुढून ओरडायचे, "एक गरम येऊ दे! आन् भिऊ नको, भांडान न्हाय, बार्शीचे पाव्हणे हायत, बोलणंच तसं हाय त्यांचं." सगळी पंगत हसायची. मामी पदर तोंडाला लावायची आणि पुन्हा भाकरी थापायला लागायची. दिवसभर हे असं चालायचं. पुढं काय चाललंय ते मामा तिला आवाजानं दाखवत राहायचे. कोण आलं, कोण गेलं, कुणाला तिखट झालं, कुणाच्या पोराचं लग्न ठरलं. लग्न होऊन दहा-बारा वर्षं झालेल्या, मूलबाळ नसलेल्या त्या दोघांचा संसार मला आठवतो तो असा, पडद्यातून बोलण्याचा.

त्या दिवसांत माझी शाळा सकाळची होती, ऊन कडक झालेलं. दुपारी मी पुढं पाणी द्यायचे. त्या दुपारी बाकडी भरलेली होती. मामा आमटी वाढत होते. एका ड्रायव्हरनं अजून एक भाकरी मागितली. मामांनी पडद्याकडं तोंड केलं आणि म्हणाले, "एक गरम..."

तेवढंच. "येऊ दे" आलं नाही.

त्यांनी आमटीचं भांडं हळूच बाकड्यावर ठेवलं. सांडलं नाही. छातीवर हात ठेवून ते त्या ड्रायव्हरच्या शेजारी बसले, जणू दमलेत. मी तांब्या घेऊन त्यांच्यासमोरच होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं पाणी मागतायत, म्हणून मी तांब्या पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. मग ते ड्रायव्हरच्या खांद्यावर कलले, आणि तो ड्रायव्हर घाबरून उभा राहिला, "ओ भाऊ! ओ भाऊ!"

आतून भाकरी थापण्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. पडद्याआडून मामीचा अगदी बारीक आवाज आला, "ऐकलं का? एक गरम म्हणालात ना?"

ती जेवणारी सगळी मोठमोठी माणसं उष्ट्या हातानं उभी होती आणि एकालाही त्या पडद्याकडं बघून बोलायचा धीर होईना. शेवटी मामीच बाहेर आली. हाताला पीठ होतं. खानावळीच्या पुढच्या भागात मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

सडकेच्या पलीकडं दवाखाना होता. तिथले डॉक्टर धावत आले. हैदराबादकडचे, वयानं मोठे, रोज रात्रीचा डबा आमच्याकडून न्यायचे. त्यांनी मामांना बाकड्यावर आडवं केलं, छातीला नळी लावली आणि ऐकत राहिले. बराच वेळ ऐकत राहिले. मग नळी काढून गळ्यात टाकली आणि कुणाकडंच न बघता म्हणाले, "गए."

ज्याच्या खांद्यावर मामा कलले होते तोच ड्रायव्हर ट्रक घेऊन लोहाऱ्याकडं आईला आणायला गेला. दुसरा कुणी मुरूमला मामांच्या थोरल्या भावाकडं गेला. बाकीच्यांनी बाकडी उचलली, ताटं उचलली. मला एका शेजारणीनं तिच्या घरी नेऊन बसवलं आणि गूळ-शेंगा दिल्या. मी त्या खाल्ल्या. भूक लागली होती म्हणून खाल्ल्या, आणि खाताना एवढंच वाटत होतं की मामांना बरं वाटेपर्यंत मला इथं बसवलंय.

ऊन उतरायला लागल्यावर आई आली. तिचं रडणं सडकेवरूनच ऐकू आलं. मी शेजारणीचा हात सोडवून पळत खानावळीत गेले, गर्दीतून वाकून पुढं झाले आणि बघते तर मामा बसलेले होते.

भिंतीला टेकून, मांडी घालून. अंगावर नवं धोतर, कपाळभर भस्माचे पट्टे, गळ्यात झेंडूचे हार. डोळे मिटलेले. सकाळी देवपूजेला बसायचे अगदी तसे. बरं वाटलंय त्यांना! मी आईला हलवून म्हणाले, "आई, मामा उठून बसले." आईनं माझं तोंड स्वतःच्या पोटाशी दाबलं आणि आणखी मोठ्यानं रडायला लागली. मला काहीच कळेना. मठातले स्वामी मंत्र म्हणत होते, बायका रडत होत्या, माणसं बाहेर लाकडी खुर्चीला केळीचे खुंट बांधून मामांना बसवून न्यायचं विमान करत होती. बसलेल्या माणसासाठी एवढं सगळं रडायचं कशाला?

हळूहळू माझ्या लक्षात आलं. कुणी तरी बाहेर म्हणालं, खड्डा झाला का. दुसरा म्हणाला, मीठ आणलंय. मीठ कशाला, असं मी शेजारच्या म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "मातीत घालाया, बाळा. भोवतीनं घालत्यात."

म्हणजे यांना मातीत घालणार होते. बसलेले असताना.

तेव्हा जी भीती माझ्या अंगात शिरली तिला मला आजही नाव देता येत नाही. मी मामांच्या तोंडाकडं बघत राहिले, डोळ्याची पापणी न हलवता. आणि मला दिसलं. त्यांचा ओठ हलला. खालचा ओठ, किंचित, बोलायला लागताना हलतो तसा.

मी ओरडले, "मामा हलले! मामा बोलतायत! नेऊ नका!"

मंत्र थांबले. मुरूमचे थोरले मामा पुढं आले, त्यांनी मामांच्या नाकाखाली हात धरला, मनगट धरलं, मान हलवली. "न्हाय बाळा," ते म्हणाले. "हाराचं फूल हललं आसंल." कुणीतरी म्हणालं पोरीला बाहेर न्या, लेकरानं बघू नये हे. मला उचललं गेलं. दारातून बाहेर जाताना मी मागं बघितलं. सगळे माझ्याकडं बघत होते, पण मामी मामांच्याच तोंडाकडं बघत होती. तिच्या हातातल्या बांगड्या तेव्हा नुकत्याच गेल्या होत्या. ती इतकी भेदरलेली होती की मला वाटलं ओरडलीय ती मी नव्हे, तीच.

दुपारी पंगतीत वाढणारा माणूस दिवस मावळायच्या आत मातीखाली गेला.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, पण मला आठवते ती फक्त भीती. जेवताना, वेणी घालून घेताना, अंगणात बसल्यावरसुद्धा माझ्या डोळ्यांसमोर एकच, मामा खाली बसलेत. अंधारात, मांडी घालून. डोळे उघडलेत आणि वर माती आहे. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर पुन्हा उचलून बाहेर नेतील. आई उठून पाणी प्यायला गेली तरी मी तिच्या मागं जायचे. कुणी बोलता बोलता जरा थांबलं की माझा जीव उडायचा. थोरले मामा एकदा बोलताना शब्द आठवत थांबले तर मी त्यांचा हात गच्च धरला होता.

मामी कुणाशी बोलत नव्हती. स्वयंपाकघराचं दार ती लावू द्यायची नाही. कुणी चुकून ओढलं की लगेच उठून उघडायची. पडद्याचं पोतंही तिनं काढून टाकलं. बायका म्हणाल्या, दुःखानं डोकं फिरलंय बाईचं.

मुरूमचे थोरले मामा तिला न्यायचं म्हणत होते. खानावळ बंद करायची आणि मामीनं त्यांच्याकडं राहायचं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं होतं. मला आई परत लोहाऱ्याकडं नेणार होती. मामीला कुणी विचारलं नाही, तिनंही काही म्हटलं नाही.

मग एका दुपारी सगळे जेवून लवंडले होते. मी अंगणात चिंचोके मांडून बसले होते, खेळत नव्हते. मामी येऊन माझ्यासमोर उकिडवी बसली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"खरं सांग," ती म्हणाली. "तुला काय दिसलं?"

मला रडू फुटलं. ती म्हणाली, "रडू नको. कुणी उठंल. सांग मला."

"ओठ हलला, मामी."

तिनं डोळे मिटले. "खालचा?"

"व्हय."

"मला पण," मामी म्हणाली.

आता ही भीती माझ्या एकटीची राहिली नव्हती, पण त्यानं ती कमी झाली नाही, दुप्पट झाली. मोठ्या माणसाला दिसलं म्हणजे ते खरंच होतं. मामीनं माझं मनगट धरलं आणि उठली. पायात चपलाही न घालता आम्ही मागच्या बाजूनं बाहेर पडलो.

आमच्या लोकांची मातीची जागा सडकेपासून थोडी आत होती. ऊन मी म्हणत होतं. वाटेत कुणी दिसलं की मामी पदर पुढं ओढायची, पण थांबायची नाही. मामांच्या जागेवर मातीचा उंचवटा होता, वर बेलाची वाळलेली पानं आणि कुणीतरी ठेवलेला दगड. मामी गुडघ्यांवर बसली. मग वाकली आणि तिनं मातीला कान लावला.

मी उभी होते.

तशीच कान लावून ती बोलायला लागली. माझ्याशीच बोलत होती. "मी नवी नवरी होते तेव्हाची गोष्ट हाय. पोलीस ॲक्शनच्या आधीची धामधूम. गाव लुटायला माणसं येणार म्हणून कळलं. बायापोरी कुठं लपवायच्या? आमच्या दारात जमिनीत खोल खणलेलं ज्वारीचं पेव होतं, रिकामं. ह्यांनी मला त्यात उतरवलं आणि वर फरशी सरकवली. मी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. अशीच बसलेली. आत हवा न्हाय, कुजल्या ज्वारीचा वास. मी ओरडत होते, ग. लई ओरडले. वर काही ऐकू गेलं न्हाय. ह्यांनी फरशी काढली तवा मला शुद्ध नव्हती. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, तू एक शब्द बोलली न्हाईस, शहाणी माझी."

तिनं मान उचलली. गालाला माती लागली होती. "मी तर घसा फुटंस्तोवर ओरडले होते," ती म्हणाली. "वर कुणाला ऐकू जात न्हाय."

तेव्हा मला कळलं की ती दारं का उघडी ठेवते. भोंगा वाजला, भांडं पडलं की दचकायची ती का दचकायची. आणि हेही कळलं की खाली काय असतं ते तिला ठाऊक होतं. मला नुसतं वाटत होतं, ती तर तिथं जाऊन आली होती.

मी पण तिच्याशेजारी पालथी पडले आणि तापलेल्या मातीला कान लावला. आधी काहीच नाही. माझंच रक्त कानात वाजत होतं. आणि मग आवाज आला. खूप खालून. घुर्र करून, लांबलेला, माणूस तोंड मिटून कण्हतो तसा.

मामीनं माझ्याकडं बघितलं. तिलाही ऐकू आलं होतं. तिनं दोन्ही हातांनी माती उकरायला सुरुवात केली. मीही उकरू लागले. बेलाची पानं, ढेकळं, काही बघितलं नाही. मामी कानडीत काहीतरी पुटपुटत होती, "बंदे, बंदे," आले, आले मी.

"काय करताय, बाई?"

शेळ्या चारणारी एक बाई जवळ येऊन उभी होती. मामी थांबली नाही. मीच रडत सांगितलं, "माझे मामा आत हायत. कण्हतायत. आम्ही ऐकलं."

ती बाई घाबरली. शेळ्या सोडून ती दोन पावलं मागं गेली, मग परत आली. मामीच्या खांद्यावर तिनं हात ठेवला आणि दाबून तिला बसवलं. "थांबा," ती म्हणाली. "अगोदर थांबा. सडकेकडं बघा."

सडकेवरून लांबून एक ट्रक येत होता. "आता लावा कान," ती म्हणाली, आणि स्वतःही आमच्याबरोबर वाकली. आम्ही तिघी उन्हात मातीला कान लावून पडलो. ट्रक जवळ आला तसा खालचा तो आवाज आला, वाढला, आणि ट्रक पुढं गेला तसा विरला.

"मी दिसभर हितं आसते," बाई म्हणाली. "निजले की मला रोज ऐकू येतं. जमीन सडकेचा आवाज घेती."

आम्ही उकरलेली माती तिनंच हातानं लोटून परत सारखी केली.

तिथून आम्ही घरी जाऊ असं मला वाटलं होतं. पण मामी सडकेला लागल्यावर घराकडं वळली नाही. ती दवाखान्याच्या पायऱ्या चढली. जिनं उभ्या जन्मात परक्या पुरुषाशी चार शब्द बोलले नव्हते, ती मातीनं भरलेल्या हातांनी, उघड्या डोक्यानं डॉक्टरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. आत दोन-तीन पेशंट होते, ते बघतच राहिले.

"तुम्ही ऐकलं होतं ना?" मामी म्हणाली. "नीट ऐकलं होतं? हळू चाललं असंल तर? अगदी हळू?"

डॉक्टरांना मराठी पुरतं समजायचं. त्यांनी तिचे हात बघितले, माझा मातीनं माखलेला झगा बघितला. त्यांना सगळं समजलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी पेशंटना बाहेर बसायला सांगितलं, दार मात्र उघडं ठेवलं.

"बैठो, बहन," ते म्हणाले. मामी बसली नाही. मग त्यांनी गळ्यातली नळी काढली आणि तिची टोकं मामीच्या हातात दिली. "ये कान में लगाओ."

मामी मागं सरली. त्यांनी मला जवळ घेतलं, टेबलावर बसवलं आणि नळीची चकती माझ्या छातीवर धरली. मामीनं ती टोकं कानात घातली.

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी भेदरली. मग तिचे डोळे मोठे झाले. तिनं माझ्या छातीकडं बघितलं, डॉक्टरांकडं बघितलं.

"किती मोठ्यानं!" ती म्हणाली.

"हां. इतना जोर से चलता है," डॉक्टर म्हणाले. "छोटा बच्चा हो, बूढ़ा हो. धीमा चले तब भी सुनाई देता है. मैं बहुत देर सुना, बहन. जितना जरूरी था उससे जियादा सुना. मैं भी मानने को तैयार नहीं था. रोज उसके हाथ का खाता था मैं." चकती त्यांनी तशीच धरून ठेवली होती. "कुछ नहीं था वहाँ. एकदम खामोश था."

मामीनं नळी काढली नाही. ती माझं काळीज ऐकत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मामा गेल्यापासून ती रडलेलीच नव्हती, हे मला तेव्हा लक्षात आलं. आजूबाजूच्या बायकांनी गळ्यात पडून रडवायचे किती प्रयत्न केले होते. ती आता रडली, उभ्या उभ्या, कानात नळी असताना. डॉक्टर चकती माझ्या हातात देऊन, पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"आणि मामांचा ओठ हलला तो?" मी विचारलं. मला ते विचारल्याशिवाय राहवेना.

डॉक्टर वळले नाहीत. "मुझे भी दिखता है, बेटी," ते म्हणाले. "अपना आदमी हो तो हिलता दिखता है."

भीती त्या दिवशी गेली असं मी म्हणणार नाही. पुढं कितीतरी वर्षं मला शांत बसलेल्या माणसाकडं बघवत नसे. देवळात ध्यानाला बसलेलं कुणी दिसलं की मी काहीतरी निमित्त करून त्याला बोलतं करायची. पण मामा खाली अंधारात वाट बघत बसलेत, ते चित्र मात्र सुटलं. मामीचंही सुटलं असावं, कारण त्या रात्री तिनं दार अर्धं ओढून घेतलं.

थोरले मामा न्यायला आले तेव्हा तिनं पहिल्यांदा नाही म्हटलं. किती हळू म्हटलं ते! त्यांना दोनदा विचारावं लागलं. "मी हितंच राहते, भावजी," ती म्हणाली. "पोरीची शाळा हाय."

"आन् खाशील काय? एकटी बाई सडकेवर बसणार?"

"भ्या वाटतंय," मामी म्हणाली. "मुरूमला बी वाटंल. हितलं भ्या माझ्या वळखीचं हाय."

थोरले मामा चिडले, पण माणूस वाईट नव्हते. महिनाभर बघू म्हणाले. आईनं मला मामीकडं ठेवायचं कबूल केलं, डोळे पुसत पुसत.

खानावळ उघडली त्या दिवशी मामीच्या हातून पहिली भाकरी तव्यावर जळाली. पडदा आता नव्हताच, चुलीपासून बाकडी दिसायची आणि बाकड्यांवरून चूल. गिऱ्हाइकं आली, ओळखीचीच. ती माणसं कुजबुजत जेवत होती, जणू मोठ्यानं बोललं तर मामी पळून जाईल. मी वाढत होते. कुणाला भाकरी हवी असली की तो माझ्या कानात सांगायचा आणि मी चुलीपाशी जाऊन सांगायचे. आत मामीचे हात थांबले की मी तिकडं पळायचे, बाहेर कुणाचं बोलणं थांबलं की इकडं. दुपार होईपर्यंत मी नुसत्या भीतीनं दमून गेले.

असे बरेच दिवस गेले. ती शांतता आम्हाला जड व्हायला लागली होती, पण ती मोडायची कशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मोडली ती एका तेलुगू ड्रायव्हरनं. लांबच्या फेरीवर असल्यामुळं त्याला उशिरा कळलं होतं. आला, मामांची बसायची जागा रिकामी बघून उभाच राहिला, मग जेवायला बसला आणि मोडक्या मराठीत थेट मामीलाच सांगायला लागला, इथून तिथपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. मागं एकदा मामा त्याच्या ट्रकमधून हैदराबाद बघायला गेले होते. ते मलाही आठवत होतं. परत आल्यावर मामांनी मामीला आठवडाभर वर्णन केलं होतं, काय काय खाल्लं म्हणून, कसली मिठाई, कसला भात.

"कुछ नहीं खाया!" ड्रायव्हर म्हणाला. "जेवाच म्हणलं, नको. हॉटेलात नेलं, वास घेतला, उठून आला. तीन दिवस केळं खाल्लं, नुस्तं केळं. म्हणला, माझी बायको भाकरी करती तशी न्हाय. मला म्हणला, तिला सांगू नको, ती घाबरंल, तीन दिवस उपाशी होता म्हणून."

मामीच्या हातात पीठ होतं. ती त्याच्याकडं बघत राहिली. "मला तर म्हणाले," ती बोलली, "मला म्हणाले, असा भात उभ्या जन्मात खाल्ला न्हाय."

"केळं!" ड्रायव्हर म्हणाला.

मामी हसली. मोठ्यानं, खळाळून. सगळी बाकडी हसली, कुणी डोळे पुसत होतं, कुणी ताटावर हात आपटत होतं. आणि हसता हसता मामी एकदम थांबली. पिठाचा हात तोंडावर गेला. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि ती किती घाबरली होती ते मला दिसलं. आपण हसलो, याची ती भीती होती.

मी जाऊन तिच्याशेजारी चुलीपाशी बसले. तिनं उंडा घेतला, थापायला लागली, आणि थोड्या वेळानं पंगतीतून कुणीतरी, भीत भीत पण मोठ्यानं, भाकरी मागितली.